चार कोठ्यांच्या बाई

खोली बघायला मी गेले होते, पण बघितलं गेलं ते मला.

खडकीत दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्स संपल्या की एक गल्ली आहे. तिच्या टोकाला ते घर होतं. खाली घरमालकीणबाई, वर भाड्याची एक खोली. मी परभणीहून आलेली, हिंजवडीत नवी नोकरी, हातात एक फुगलेली बॅग. बाईंनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही आणि आडनाव तर नाहीच नाही. म्हणाल्या, "बॅग उघड."

मला वाटलं, गंमत करतायत.

"उघड, उघड. आत बॉम्ब असला तर घाबरू नकोस, कारखाना जवळच आहे."

मी चेन उघडली. सगळ्यात वर मी मुद्दाम इस्त्रीचे ड्रेस रचले होते. त्यांच्याकडे बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. कोपरापर्यंत हात आत घातला, बॅगेच्या बरोबर पोटातून हाताला लागेल ते ओढून बाहेर काढलं. एक न धुतलेला मोजा, घरच्या चिवड्याची पुडी आणि आईचा एक जुना रुमाल. मोजा त्यांनी दोन बोटांनी बाजूला ठेवला, चिवड्याचा वास घेतला आणि रुमालाची घडी नीट करून परत आत सरकवली.

"मोजे रोज धुवायचे. बाकी ठीक आहे. कधीपासून येतेस?"

असा माझा भाडेकरार झाला.

नोकरीत असताना बाई सरकारी धान्य खात्यात होत्या. वॅगनमधून, ट्रकमधून धान्य आलं की ते तपासायचं आणि घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं, हे त्यांचं काम. साहेबांच्या खुर्चीत बाई बसलेली बघून व्यापारी आधी गालातल्या गालात हसायचे आणि निघताना घाम पुसत निघायचे, असं त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं. ते गृहस्थ अजूनही बाईंसमोर खुर्चीच्या टोकावर बसत. बाईंच्या दारामागे खिळ्याला एक टोकदार, पोकळ लोखंडी नळी टांगलेली असे. ती पोत्यात खुपसली की पोटातले दाणे घेऊन बाहेर येते. तिला परखी म्हणतात. निवृत्तीच्या समारंभात खात्यानं बाईंना शाल आणि नारळ दिला. शाल त्यांनी शिपायाला दिली, नारळ तिथंच फोडून वाटला आणि परखी मात्र स्वतः मागून घेतली.

"वरची मूठ दाखवण्यासाठी असते," त्या म्हणायच्या. "मधली खरी असते."

हे वाक्य नुसतं धान्यापुरतं असतं तर मी आज बाईंबद्दल लिहायला बसले नसते. बाईंनी ते सगळ्या जगाला लावलं होतं. वर्तमानपत्र त्या मधल्या पानापासून वाचायच्या. टीव्हीवर सिनेमा लागला की पहिला तासभर स्वयंपाक करायच्या आणि मग येऊन बसायच्या. सुरुवात आणि शेवट कुणीही नीट करतं, त्यात काय बघायचं, असा त्यांचा सवाल. लग्नाला गेल्या तर मुहूर्त चुकवायच्या, पंगतही चुकवायच्या. दोन्हीच्या मधे जाऊन कोपऱ्यात बसायच्या आणि दोन्हीकडची माणसं आपसात कशी बोलतात ते ऐकून परत यायच्या. त्या लग्नाचं पुढं काय होणार याचं भाकीत मला रिक्षातच मिळायचं. बहुतेक वेळा ते खरं ठरायचं, ही त्यातली वाईट गोष्ट.

कोपऱ्यावरच्या दुकानात त्या तांदूळ आणायला परखी घेऊन जायच्या. दुकानदार लांबूनच हात जोडायचा.

"अहो बाई, पोतं फाटतं माझं त्यानं."

"पोतं फाटत नाहीये. तुमचा धीर फाटतोय."

माझं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा मुलगा मला भेटायला खडकीला आला. आईवडील परभणीला, म्हणून पोहे बाईंनी केले. आधी त्यांनी त्याला काहीही विचारलं नाही. नोकरी, पगार, फ्लॅट, सगळं तो आपणहून सांगत होता आणि बाई खिडकीबाहेर बघत होत्या. बशीतले पोहे निम्मे झाले तशा त्या वळल्या.

"शेवटची माफी कुणाची मागितलीत?"

त्याच्या घशात शेंगदाणा अडकला. पाणी पिऊन म्हणाला, "आज सकाळीच. रिक्षावाल्याची. पत्ता मीच चुकीचा सांगितला होता आणि ओरडलो त्याच्यावर."

"अजून पोहे घे," बाई म्हणाल्या. 'तुम्ही'चं 'तू' झालं, म्हणजे होकार होता. तो मुलगा आता माझा नवरा आहे आणि आम्ही हडपसरला राहतो. बाईंनी काढलेली मधली मूठ चांगलीच निघाली. वरची म्हणाल तर तेव्हाही केस विरळच होते.

बाईंच्या बऱ्याच तऱ्हा मी सोसल्या, पण एका गोष्टीनं मला कायम राग यायचा. ती म्हणजे त्यांची स्टीलची पाण्याची बाटली. बाहेर पडताना ती त्यांच्या पिशवीत असायचीच. मला तहान लागली आणि मी हात पुढं केला की बाटली हातात पडायच्या आधी हुकूम यायचा, "वरून पी." चालत्या गाडीत, धक्के खात, मान वर करून पाणी ओतून घ्यायचं. निम्मं पाणी माझ्या गळ्यावरून खाली जायचं. तोंड लावायची सोय नव्हती. उष्टी बाटली बाईंना चालायची नाही. एकदा तापानं माझे हात थरथरत होते, तेव्हा त्यांनी स्वतः माझ्या घशात वरून पाणी ओतलं, पण नियम मोडला नाही. प्रेम करायच्या, पण वरून.

ही बाटली प्रवासात लागायची ती रविवारी. दर रविवारी बाई पुण्याहून पॅसेंजर गाडी पकडायच्या, एका लहानशा खेड्याच्या स्टेशनवर उतरायच्या, तिथल्या फलाटावर दुपारपर्यंत बसायच्या आणि परत यायच्या. गावाचं नाव मी सांगणार नाही. "नाव कळलं की लोक फोटो काढायला येतील आणि भेळेचे कागद टाकून जातील," असं बाईंचं म्हणणं, आणि ते मला पटतं. ते बाईंचं जन्मगाव. पण गावात त्या क्वचित जात. त्यांचं येणं असायचं ते स्टेशनसाठी आणि स्टेशनला लागून उभ्या असलेल्या चार कोठ्यांसाठी.

सुरुवातीला मी एकटीनं खोलीत पडून राहण्यापेक्षा बरं, म्हणून सोबत गेले. नंतर सवय झाली, आणि मग खरं सांगायचं तर आवडायला लागलं. स्टेशन काळ्या दगडाचं, वर कौलं, पुढं लाकडी खांबांची पडवी. घंटेच्या जागी रुळाचा एक तुकडा टांगलेला. फलाटावर लांबलचक बाक आणि बाकाच्या शेजारी पाण्याचा नळ. पलीकडे चार गोल, उंच काँक्रीटच्या कोठ्या, प्रत्येकीला बाहेरून वर चढणारा अरुंद जिना. शहरातल्या माणसांनी त्यांना सायलो म्हटलं असतं. एकेकाळी मालगाडी शेजारच्या फाट्याच्या रुळावर लागायची, हमाल पोती पाठीवर घेऊन जिना चढायचे आणि वरच्या तोंडातून धान्य आत ओतायचे. आता कोठ्या कितीतरी वर्षं रिकाम्या होत्या. आत पारवे राहत होते.

तिसरी कोठी बाईंच्या वडलांची. म्हणजे मालकीची नव्हे. ते तिथले हमाल. गावात ती कोठी त्यांच्यावरूनच ओळखली जायची. तिच्या जिन्याच्या पायथ्याशी, भिंतीवर उजव्या अंगाला एक जागा गुळगुळीत झालेली होती, वापरून वापरून पाटा होतो तशी. पहिल्याच रविवारी बाईंनी माझा हात धरून त्या जागेवर ठेवला.

"पोतं पाठीवर असायचं. जिना चढायच्या आधी वडील इथं हात टेकून एक श्वास घ्यायचे. जन्मभर."

मग फलाटावरच्या बाकावर बसून त्यांनी मला बाकीचं सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात, कुणा दुसऱ्याच्या घरची हकीकत सांगावी तसं. गावात त्यांच्या लोकांची विहीर वेगळी होती. छप्पन साली वडलांनी बौद्ध धम्म घेतला, घरातले देव नदीत सोडले, पण विहीर काही लगेच बदलली नाही. आईच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नसे. फक्त स्टेशनचा नळ कुणाचाच नव्हता. तो सोडला की कुणालाही पाणी. आणि हा बाक रेल्वेचा, त्यामुळे वडील गावात पहिल्यांदा ताठ बसले ते याच बाकावर. पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला. गाडी भरून मिलो आली, ती तांबडी परदेशी ज्वारी. कोठ्या भरल्या. त्या वर्षी पाटलाच्या वाड्यापासून गावाच्या टोकापर्यंत सगळ्यांच्या घरी त्याच मिलोच्या भाकरी झाल्या.

"वडलांनी पाठीवरून वाहिलेली. घामासकट," बाई म्हणाल्या. "पाणी घेतलं नाही. ज्वारी घेतली."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला दर रविवारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसायचे. पांढरं धोतर, हातात काठी. गाव त्यांना थोरले पाटील म्हणायचं. त्यांचं शेत रुळाच्या कडेलाच होतं. बाई आणि ते एकाच वयाचे, लहानपणी एकाच शाळेत, पण बसायचे वेगवेगळ्या ओळीत. दर रविवारी दोघांमधे एकच संभाषण व्हायचं.

"आलीस व्हय?"

"आले."

मग दोघं दोन टोकांना बसून रुळांकडे बघायची. मधल्या रिकाम्या जागेत मी. एकदा मी बाईंना विचारलं, "आजसुद्धा पाटील तुमच्या हातचं पाणी घेणार नाहीत का?"

"मला काय माहीत? मी कधी दिलं नाही, त्यानं कधी मागितलं नाही." आणि मग बाटलीचं झाकण घट्ट करत, "कशाला विचारायचं? नाही म्हणाला तर इथं बसता येणार नाही."

बाईंना कशाची भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं. कुणाच्याही बॅगेत कोपरापर्यंत हात घालणारी ही बाई, पण या एका माणसाची मधली मूठ तिनं काढली नव्हती.

माझं लग्न झालं, मी हडपसरला गेले, तरी जमेल त्या रविवारी बाईंबरोबर जात राहिले. अशाच एका रविवारी स्टेशनच्या भिंतीवर एक सूचना चिकटवलेली दिसली. रुळांची दुसरी जोडी येणार होती. नवं स्टेशन पलीकडच्या बाजूला होणार होतं. जुनं स्टेशन आणि वापरात नसलेल्या कोठ्या पाडणार होते.

बाईंनी सूचना वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. मी काय आता रुळावर झोपणार आहे का?" डबा उघडला, नेहमीसारखी भाकरी खाल्ली. परतीच्या गाडीत मात्र खिडकीकडे तोंड करून बसल्या. कितीतरी स्टेशनं गेली. मग एकदम म्हणाल्या, "आमचं घर पडलं. शेत नव्हतंच. वडलांचा फोटो कधी काढला नाही. त्या कोठ्या गेल्या, तर माझा बाप या जगात होता याचा एकही पुरावा राहत नाही."

एरवी त्या 'वडील' म्हणायच्या. 'बाप' शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी नुसता त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

दुसऱ्या दिवसापासून बाई कामाला लागल्या. जुन्या वास्तू जपण्याचं काम करणारी एक समिती पुण्यात होती. मोठमोठे वाडे, घाट, देवळं बघणारी मंडळी ती. खेड्यातलं स्टेशन आणि धान्याच्या कोठ्या म्हटल्यावर त्यांनी आधी नम्रपणे हसून घेतलं. बाई मग त्यांच्या बैठकीला जाऊन बसायला लागल्या. तेही बैठक निम्मी झाल्यावर. विषय कुठलाही असो, जरा शांतता झाली की बाईंचा आवाज, "आणि कोठ्या?" शेवटी समितीचे अध्यक्ष, एक मधल्या वयाचे वास्तुतज्ज्ञ, कंटाळून की कुतूहलानं, येऊन बघायला तयार झाले. त्यांनी जुने नकाशे चाळले तेव्हा त्यांनाही जरा रस वाटायला लागला. इतक्या जुन्या काँक्रीटच्या कोठ्या, शेजारी त्याच काळातलं दगडी स्टेशन, दोन्ही जसंच्या तसं, असं फारसं कुठं राहिलेलं नाही, म्हणाले. जसंच्या तसं असेल तर वाचवण्याची शिफारस करू. 'जसंच्या तसं'वर त्यांनी जोर दिला.

बाईंनी गावच्या सरपंचांना फोन लावला. तरणाबांड, उत्साही माणूस. गावाशी बोलताना बाईंची भाषा बदलायची.

"हे बघ, पाव्हनं येनार हाईत. स्टेशन आन् कोठ्या बघायला. तेवढं झाडून ठेव. कळलं का?"

"मॅडम, तुमी काळजीच करू नका," सरपंच म्हणाले.

तिथंच आम्ही काळजी करायला हवी होती.

अध्यक्षांच्या गाडीतून आम्ही गेलो. शेवटचं वळण आलं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. फरक पडला नाही. स्टेशन आंब्याच्या बर्फीच्या रंगाचं झालं होतं. खांबांवर लाल-पांढरे पट्टे. रुळाच्या तुकड्याला चंदेरी रंग आणि झेंडूची माळ. पहिली कोठी शाळेच्या भिंतीचा उरलेला गुलाबी लावून उभी होती. दुसरीला मारुतीच्या देवळाचा शेंदरी. तिसरी जयंतीला विहाराला दिलेल्या रंगातून उरलेल्या निळ्यानं वरपासून खालपर्यंत निळी. चौथीला सरपंचांच्या गोठ्याचा पिवळा होता आणि तो निम्म्यावर संपला होता. खाली सगळा गाव नवे कपडे घालून रांगेत उभा.

"हे... असंच होतं?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

बाई बाकावर जाऊन बसल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"काय केलंत हे?" मी सरपंचांना म्हटलं.

"समद्या गावानं केलं, ताई. मोठं पाव्हनं येनार, मग काळंकुट्टच दावायचं व्हय? घरात पाव्हना येनार म्हनल्यावर भिताडाला रंग देत न्हाई का मानूस?"

मी त्यांना काय सांगणार? पाहुणे काळंकुट्टच बघायला आलेत, हे त्यांना पटवणं शक्य नव्हतं. आमच्या परभणीलाही हेच झालं असतं.

अध्यक्ष भले गृहस्थ होते. रागावले नाहीत, पण चेहरा पडला होता. "तैलरंग असेल तर तो आत मुरला असणार," ते म्हणाले. "तो काढायला गेलं तर मूळ पृष्ठभाग जातो. मग मला काही करता येणार नाही, बाई."

हे ऐकल्यावर बाई उठल्या. पिशवीतून परखी काढली. ही वस्तू त्या जिथं तिथं नेत, आणि आम्ही त्यावरून किती चेष्टा केली होती. निळ्या कोठीपाशी जाऊन त्यांनी वरही नाही, खालीही नाही, बरोबर मधे परखीचं टोक भिंतीवर ओढलं. पडलेली भुकटी तळहातावर घेतली, बोटानं चोळली, वास घेतला आणि जिभेच्या टोकाला लावली. सगळा गाव टाचा उंचावून बघत होता.

"चुना आहे," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनीही नखानं खरवडलं. मग दुसरी कोठी, मग स्टेशन. ते हसायला लागले. "चुनाच आहे! चुन्यात रंगाची पूड कालवलीय. धुतला की जाईल."

"मंग? तैलरंग कुनाला परवडतोय?" सरपंच म्हणाले. त्यांना अजून आपण काय चुकलो ते कळलं नव्हतं, आणि आता चुन्यानं काय वाचवलं तेही कळलं नव्हतं.

बाईंनी मागं वळून विचारलं, "हितं निळा कुनी द्याया सांगितला?"

रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सरपंचांनी काठी टेकून उभ्या असलेल्या थोरल्या पाटलांकडे बोट दाखवलं. पाटील म्हणाले, "तुझ्या बाची कोठी ती. दुसरा कंचा द्यायचा?"

बाईंनी परखी पदराला पुसली आणि उगाच पुन्हा पुसली.

अध्यक्षांनी गावाला समजावलं. सगळं नुसत्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवायचं, घासणी वापरायची नाही. पण प्रत्येक रंगाचा एक तुकडा, तळहाताएवढा, तसाच ठेवायचा. अशा कामात ती रीत असते. पुढं कुणी बघायला आलं तर इथं काय काय घडून गेलं ते त्याला कळायला हवं. गावाला हे फार आवडलं. मागून कुणीतरी विचारलं, "कुनाच्या तळहाताएवढा?" आणि सगळे हसले.

शिफारस झाली, ती मान्य झाली. नवं स्टेशन पलीकडे झालं आणि जुनं स्टेशन आणि कोठ्या आजही उभ्या आहेत. ते सगळं पुढं यथावकाश झालं. पण बाईंची आठवण आली की मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतो तो धुण्याचा रविवार.

अख्खा गाव बादल्या घेऊन आला होता. बायकांनी स्टेशन धुतलं, तरुण पोरं दोर बांधून कोठ्यांवर चढली. फलाटावरून गुलाबी, शेंदरी, पिवळे ओहोळ वाहत होते. बाई नऊवारीचा कासोटा मारावा तशी साडी खोचून हुकूम सोडत होत्या. तिसऱ्या कोठीच्या जिन्यापाशी ब्रश आला तेव्हा तो त्यांनी स्वतः हातात घेतला. वडलांची ती गुळगुळीत जागा निळ्याखाली गेली होती. ती त्यांनी हळूहळू धुऊन मोकळी केली, लहान मुलाचं तोंड धुवावं तशी.

"आता निळ्याचा तुकडा कुठं ठेवायचा, मॅडम?" सरपंचांनी विचारलं. "याच्यावरच ठेवला असता की."

"न्हाई. हितं बा हाय. त्याच्यावर कशाला काय?" बाई म्हणाल्या. "शेजारी ठेवा."

थोरले पाटील काठी टेकत पुढं आले. काठी सरपंचांच्या हातात दिली आणि त्या मोकळ्या जागेच्या शेजारी, निळ्या भिंतीवर आपला तळहात पालथा दाबून धरला. "धुवा आता भवतीनं," म्हणाले. पोरांनी पाणी मारलं, ब्रश फिरवला. पाण्याबरोबर निळा त्यांच्या मनगटावरून, कोपरावरून धोतरावर ओघळत होता. हात अवघडला तरी त्यांनी तो काढला नाही. काढला तेव्हा भिंतीवर निळा पंजा उरला होता. बोटं जरा पुसट, तळवा ठसठशीत.

बाई बराच वेळ त्या दोन जागांकडे बघत राहिल्या. एक काँक्रीटची, उघडी. तिच्या शेजारी ही निळी. "बोटं काही नीट आली नाहीत," एवढंच म्हणाल्या, पण डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

पाटील येऊन बाकावर बसले. दमले होते. नळाकडे पाहिलं, पण टाकीतलं सगळं पाणी कोठ्या धुण्यात संपलं होतं, नळ नुसता सुसकारे टाकत होता. मी माझ्या नेहमीच्या मधल्या जागेवर बसायला निघाले, तर तिथं बाई येऊन बसल्या होत्या.

"पानी हाय का गं?" पाटील म्हणाले.

बाईंनी पिशवीतून बाटली काढली. झाकण नेहमी एका झटक्यात उघडायच्या, त्या दिवशी त्यांना ते उघडायला वेळ लागला. बाटली पुढं केली. पाटलांचे हात इतके थरथरत होते की वरून ओतून घेणं जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी, त्यातला एक अजून निळा, बाटली धरली, तोंड लावलं आणि घटाघटा प्यायले. ओठ पुसून बाटली परत दिली.

बाईंनी बाटलीचं तोंड पुसलं नाही. तशीच उचलली, ओठांना लावली आणि उरलेलं पाणी संपवलं. मग दोघं शेजारी शेजारी बसून रुळांकडे बघायला लागली.

परतीच्या गाडीत, पुढच्या मोठ्या स्टेशनवर बाटली भरून घेतल्यावर, मला राहवलं नाही. बाटलीवर अजून निळे ठसे होते. मी ती सरळ तोंडाशी नेली.

"वरून पी," बाई म्हणाल्या.